आजोबा नौदलात होते. पण कोणत्या, कधी आणि कुठे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नौदलात अधिकारी असलेल्या आजोबा-पणजोबांची नोकरी शोधायला निघालेल्या बहुतेक घरांचा पहिला अर्ज चुकीच्या दारात जातो. काही महिन्यांनी 'नोंद आढळत नाही' असे दोन ओळींचे उत्तर येते आणि कागदपत्रे नष्ट झाली असावीत असे धरून मंडळी शोध सोडून देतात. हे वाईट आहे, कारण अधिकाऱ्याचा माग काढणे नाविकाचा माग काढण्यापेक्षा सोपे असते. नाविकाची सगळी सेवा एका दप्तरात बंद असते. अधिकाऱ्याचे कमिशन (म्हणजे अधिकारीपदावरची सरकारी नेमणूक), बढती, निवृत्ती हे मात्र सरकार राजपत्रात छापत आले आहे, आणि छापलेले राजपत्र कोणालाही, कोणाचीही परवानगी न घेता वाचता येते. वैयक्तिक फाइल हाती लागली नाही तरी निम्म्याहून जास्त कारकीर्द तिथून उभी करता येते.

त्याआधी घरातले एक वाक्य तपासून घ्यावे: 'ते नेव्हीत ऑफिसर होते.' पेटी ऑफिसर आणि चीफ पेटी ऑफिसर ही नाविकांमधली मानाची पदे. त्यांच्या नावात 'ऑफिसर' असले तरी त्यांना कमिशन नसते. स्वातंत्र्यानंतरच्या नाविकांची कागदपत्रे मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधील ब्युरो ऑफ सेलर्सकडे, तर कमिशन घेतलेल्या अधिकाऱ्यांचे काम दिल्लीच्या नौदल मुख्यालयाकडे. पहिला अर्ज चुकतो तो इथेच. काही जण नाविक म्हणून भरती होऊन पुढे कमिशन मिळवत. त्यांना नाविक म्हणून एक आणि अधिकारी म्हणून दुसरा असे दोन सेवा क्रमांक असतात, आणि दोन्हीकडे विचारावे लागते. कोकणातल्या घरांत आणखी एक गल्लत होते. 'बोटीवर होते' आणि 'नेव्हीत होते' यांत फरक केला जात नाही. पेटीत सीडीसी, म्हणजे खलाशाच्या जहाजावरील नोकरीची नोंदपुस्तिका निघाली तर ती व्यापारी जहाजावरची नोकरी. तिचा नौदलाच्या कार्यालयांशी संबंध नाही, तिथे शिपिंग मास्टरच्या कार्यालयाकडे वळावे.

काळाचाही विचार करावा. रॉयल इंडियन मरीनमध्ये (नौदलाचे तेव्हाचे नाव) पहिले भारतीय कमिशन १९२८ साली, अभियांत्रिकी शाखेत, दिले गेले. तेव्हा 'पणजोबा १९१० साली आरमारात अधिकारी होते' असे घरात सांगत असतील तर ते बहुधा सारंग किंवा तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके असणार. ही पदे अनुभवाची आणि जबाबदारीची होती, त्यात कमीपणा काही नाही. पण शोध अधिकाऱ्यांच्या याद्यांत करून उपयोग नाही.

हुद्दा ठरवायला घरातला गणवेशातला फोटो पुष्कळदा पुरतो. तो काचेच्या चौकटीतून काढून, दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन कराव्यात. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, कराची, मुंबई किंवा कोलंबो, आणि तेवढ्यावरून तुकडीचा किंवा जहाजाचा अंदाज येतो. टोपीला कापडी पट्टी असून तिच्यावर इंग्रजी अक्षरे असतील तर तो नाविक, अधिकारी नव्हे. युद्धकाळात त्या पट्टीवर जहाजाचे नाव लिहीत नसत, नुसते 'एच.एम.आय.एस.' (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) असे, तेव्हा नाव दिसत नाही म्हणून फोटो निकामी समजू नये. अधिकाऱ्याच्या बाहीवरच्या सोनेरी पट्ट्या मोजाव्यात: एक असेल तर सब-लेफ्टनंट, दोन असतील तर लेफ्टनंट, दोनांच्या मध्ये एक बारीक पट्टी असेल तर लेफ्टनंट कमांडर, तीन असतील तर कमांडर, चार असतील तर कॅप्टन. पांढऱ्या गणवेशात याच पट्ट्या खांद्यावर असतात.

पट्ट्यांचा आकार त्याहून जास्त सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या फोटोत पट्टी सरळ असून वरच्या पट्टीला गोल वेटोळे असेल तर ते नियमित रॉयल इंडियन नेव्हीचे अधिकारी. दोन बारीक पट्ट्या साखळीसारख्या एकमेकींत गुंफलेल्या असतील तर रॉयल इंडियन नेव्हल रिझर्व्ह, म्हणजे व्यापारी जहाजांवरून आलेले व्यावसायिक दर्यावर्दी. पट्टी लाटेसारखी नागमोडी असेल तर व्हॉलंटियर रिझर्व्ह, म्हणजे वकील, इंजिनीअर, कारकून, कॉलेजातली मुले, ज्यांनी युद्धासाठी गणवेश चढवला. या तिघांच्या याद्या वेगवेगळ्या छापल्या जात. नागमोडी पट्टीवाल्याला नियमित अधिकाऱ्यांच्या यादीत शोधत बसले तर तो जन्मात सापडायचा नाही. पट्ट्यांच्या मधल्या रंगीत कापडावरून शाखा कळते: जांभळा अभियांत्रिकीचा, लाल डॉक्टरांचा, पांढरा हिशेब आणि पुरवठ्याचा, हिरवा विद्युत शाखेचा. मात्र कृष्णधवल फोटोत पांढरा तेवढा खात्रीने ओळखता येतो. जांभळा आणि लाल दोन्ही काळपटच दिसतात, त्यावर अंदाज बांधू नये.

सेवेचे नावही काळानुसार बदलले आहे, आणि सूचीत शोधताना नेमके नाव लागते. १८३० ते १८६३ इंडियन नेव्ही, मग पुन्हा बॉम्बे मरीन, १८७७ पासून हर मॅजेस्टीज इंडियन मरीन, १८९२ पासून रॉयल इंडियन मरीन, २ ऑक्टोबर १९३४ पासून रॉयल इंडियन नेव्ही आणि २६ जानेवारी १९५० पासून आजची भारतीय नौसेना. म्हणजे १९४८ सालच्या कागदावर 'एच.एम.आय.एस. दिल्ली' असे छापलेले दिसले तर ती चूक नाही. स्वातंत्र्यानंतरही अडीच वर्षे 'रॉयल' हा शब्द आणि जहाजांची जुनी आद्याक्षरे कायम होती.

आता राजपत्र. भारत सरकारचे साप्ताहिक राजपत्र शनिवारी निघते. त्याच्या भाग एक, विभाग चारमध्ये संरक्षण मंत्रालयाने काढलेल्या नेमणुका, बढत्या आणि निवृत्ती यांच्या अधिसूचना असतात. स्वातंत्र्यापूर्वीच्या अंकांची मांडणी वेगळी आहे. तिथे संरक्षण खात्याच्या पानांत नौदलाचे उपशीर्षक शोधावे लागते. सरकारच्या ई-गॅझेट संकेतस्थळावर जुने अंक स्कॅन करून ठेवले आहेत, पण संगणकाच्या शोधपेटीवर भिस्त ठेवू नये. जुनी छपाई पुसट, स्कॅन वाकडे, त्यामुळे यंत्र अक्षरे चुकीची वाचते आणि नाव पानावर असूनही 'आढळले नाही' म्हणते. अंक उघडून डोळ्यांनी पाने चाळणे हाच खरा उपाय. एका वर्षाचे बावन्न अंक, प्रत्येकात नौदलाचा मजकूर जेमतेम एक-दोन पानांचा. दोन संध्याकाळी एक वर्ष होते.

इथे तीन ठिकाणी माणसे फसतात. एक म्हणजे बढतीची तारीख आणि ती छापून येण्याची तारीख यांत अंतर असते. मार्चमधली बढती नोव्हेंबरच्या अंकात सापडू शकते, म्हणून कागदावरच्या तारखेपुढचे वर्षभराचे अंक पाहावेत. दुसरे, हंगामी आणि कायम हुद्द्यांचे. ॲक्टिंग लेफ्टनंट कमांडर म्हणून मिरवलेला माणूस त्याच वेळी राजपत्रात लेफ्टनंट असू शकतो. फोटोतल्या पट्ट्या आणि छापील हुद्दा जुळत नसेल तर प्रथम हे तपासावे. तिसरी गोष्ट ज्येष्ठतेच्या तारखेची. प्रशिक्षणातल्या परीक्षांत वरचा वर्ग मिळवणाऱ्या तरुण अधिकाऱ्याला काही महिन्यांची ज्येष्ठता बहाल केली जाई. त्यामुळे अधिसूचनेत 'ज्येष्ठता अमुक तारखेपासून' असे दिसते ते प्रत्यक्ष बढतीच्या आधीचेही असू शकते. वंशावळीत लिहिताना दोन्ही तारखा लिहाव्यात आणि कोणती कशाची हे नमूद करावे.

स्वातंत्र्यापूर्वीच्या अधिकाऱ्यांसाठी लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचे राजपत्रही पाहावे. इंडिया ऑफिसने (भारताचा कारभार पाहणारे लंडनमधले खाते) काढलेल्या नौदलाच्या बढत्या आणि शौर्यपदके तिथे आहेत, आणि ते घरबसल्या फुकट वाचता येते. ब्रिटिश ॲडमिरल्टीच्या (नौदल खात्याच्या) नेव्ही लिस्टच्या, म्हणजे अधिकाऱ्यांच्या छापील यादीच्या युद्धकाळातल्या खंडांत रॉयल इंडियन नेव्ही आणि तिच्या दोन्ही राखीव दलांच्या अधिकाऱ्यांची नावे स्वतंत्र पानांवर आहेत. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने १९३९ ते १९४५ चे खंड संकेतस्थळावर खुले ठेवले आहेत. एका खंडात नाव सापडले की तिथेच थांबू नये. लागोपाठचे खंड काढून नाव पहिल्यांदा कधी येते, हुद्दा कधी बदलतो आणि नाव कधी गळते, हे टिपावे.

नावाचे इंग्रजी स्पेलिंग हा आपल्याकडचा खास घोळ. सावंत, जाधव, चव्हाण, शिर्के ही आडनावे त्या काळी प्रत्येकी तीन-चार प्रकारे लिहिली जात. शिवाय आडनाव कधी पुढे, कधी मागे, आणि 'राव' कधी नावाला चिकटलेले तर कधी गायब. संभाव्य सगळी स्पेलिंगे आधी एका कागदावर लिहून मगच शोधाला बसावे. गावाच्या पत्त्यातही जुना नकाशा डोळ्यांपुढे हवा. रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता, सिंधुदुर्गही १९८१ मध्येच रत्नागिरीतून वेगळा झाला, आणि सावंतवाडी हे तर संस्थान होते. सावंतवाडीचा माणूस कागदावर रत्नागिरीचा नसून 'सावंतवाडी स्टेट'चा असतो.

जहाजांच्या नावांनी तर पुष्कळ घरे फसली आहेत. नौदलात जमिनीवरच्या तळालाही जहाजाचे नाव देतात आणि तिथे काम करणारा माणूस कागदोपत्री 'जहाजावर'च असतो. 'तलवार' १९४६ साली मुंबईतल्या कुलाब्याची संदेशवहनाची शाळा होती. त्या वर्षी १८ फेब्रुवारीला नाविकांचा उठाव तिथेच सुरू झाला. पुढे त्याच नावाची फ्रिगेट आली, आणि २००३ साली आणखी एक. लोणावळ्याची 'शिवाजी', मालाडजवळची 'हमला', कोचीची 'वेंदुरुथी', जामनगरची 'वालसुरा' हे सगळे तळच. 'फिरोझ' हे नाव युद्धकाळातल्या कागदावर दिसले तर मलबार हिलवरचे अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण केंद्र समजावे. राखीव दलातल्या नव्या अधिकाऱ्याच्या कागदांत ते सापडण्याजोगे नाव आहे. उलट, लहान लाँचवर प्रत्यक्ष समुद्रात काम करणाऱ्यांची हजेरी किनाऱ्यावरच्या तळाच्या नावे मांडली जाई, म्हणून कागदावर तळ दिसला की 'समुद्रावर गेलेच नाहीत' असाही निष्कर्ष काढू नये. 'गोदावरी' नावाचे महायुद्धातले स्लूप (छोटे लढाऊ जहाज) फाळणीत पाकिस्तानकडे गेले; १९५३ सालची भारतीय 'गोदावरी' वेगळी आणि १९८३ सालची त्याहून वेगळी. दोन 'दिल्ली', दोन 'म्हैसूर', दोन 'विक्रांत' तर सर्वांना ठाऊक आहेत. जहाजाच्या नावासोबत साल लिहिले नसेल तर ती नोंद अर्धीच समजावी.

घरात सांगितलेल्या पराक्रमाची शहानिशा पदकांवरून होते. एच.एम.आय.एस. 'बंगाल' या छोट्या जहाजाने ११ नोव्हेंबर १९४२ रोजी 'ओंदिना' या टँकरसोबत दोन जपानी जहाजांशी झुंज दिली आणि त्यांतले 'होकोकू मारू' बुडाले. ती लढाई गाजली, आणि नंतरच्या वर्षी 'बंगाल'वर रुजू झालेल्यांच्या घरांतही ती आपलीच म्हणून सांगितली जाऊ लागते. रुजू झाल्याची तारीख पाहिली की उलगडा होतो. बर्मा स्टार असेल तर ती व्यक्ती बंगालच्या उपसागराच्या बाजूला होती. इटली स्टार असेल तर भूमध्य समुद्रात. 'सतलज' आणि 'जमना' ही आपली जहाजे १९४३ साली सिसिलीच्या मोहिमेत होती, तेव्हा पहिला तपास त्यांचा करावा. १९७१ च्या बाबतीत तर दोन पदकेच सीमारेषा आखतात: पूर्वी स्टार पूर्वेकडच्या आघाडीचा, पश्चिमी स्टार पश्चिमेकडचा. 'विक्रांत' त्या युद्धात बंगालच्या उपसागरात होती. कराचीवरचा ४ डिसेंबरच्या रात्रीचा हल्ला 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या क्षेपणास्त्र नौकांनी केला. 'विक्रांतवरून कराचीवर हल्ला' असे घरात सांगत असतील तर दोन खऱ्या आठवणी एकत्र शिवल्या गेल्या आहेत. पदक पाहून त्या सोडवता येतात. संग्राम पदकावरून मात्र आघाडी ठरत नाही, ते कितीतरी अधिक जणांना मिळाले. स्वातंत्र्यानंतरच्या पदकांच्या कडेवर पुष्कळदा नाव आणि सेवा क्रमांक कोरलेला असतो. भिंग घेऊन कड वाचावी, आणि पदक ब्रासोने घासू नये. दहा वेळा घासले की कडेवरची अक्षरे बुजतात आणि हाती असलेला सर्वात पक्का पुरावा जातो.

एवढी तयारी झाल्यावर अर्ज लिहावा. आधी साधे पत्र नौदल मुख्यालयाला: पूर्ण नाव आणि इतर स्पेलिंगे, जन्मतारीख, सेवा क्रमांक, शाखा, शेवटचा हुद्दा, सेवेची अंदाजे वर्षे, मृत्यूचा दाखला आणि आपले नाते दाखवणारा कागद. सेवा क्रमांक ठाऊक नसेल तर निवृत्तिवेतनाचा आदेश, म्हणजे पीपीओ शोधावा. बँकेच्या जुन्या पासबुकांबरोबर तो ठेवलेला असतो. त्यावर हुद्दा, निवृत्तीची तारीख आणि निवृत्तिवेतनासाठी धरलेली सेवा हे सगळे एका पानावर मिळते. कुटुंब निवृत्तिवेतन आजीला मिळत असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारावे.

पत्राला उत्तर आले नाही तर माहिती अधिकार. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर दहा रुपये शुल्क, अर्ज साधारण पाचशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत तीस दिवस. अर्जदार भारतीय नागरिक हवा. परदेशी पासपोर्ट घेतलेल्या भावंडाने अर्ज केला तर तो तेवढ्याच मुद्द्यावर परत येतो. 'माझ्या आजोबांची सर्व माहिती द्या' असे लिहू नये. कमिशनची तारीख, प्रत्येक बढतीची तारीख, नेमणुकांची तारीखवार यादी, पदके, सेवामुक्तीची तारीख आणि कारण, असे सुटे प्रश्न विचारावेत. 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार आला तर अपिलात कायद्याच्या कलम ८, पोटकलम ३ चा आधार घ्यावा. वीस वर्षांहून जुन्या घटनांची माहिती नाकारण्यासाठी देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे या तीनच कारणांचा आधार उरतो. वैयक्तिक माहितीचे कारण त्यांत नाही. पहिले अपील नकार मिळाल्यापासून तीस दिवसांत करायचे असते, आणि ही मुदत फार जण चुकवतात. 'फाइल नष्ट केली' असे उत्तर आले तर ती कोणत्या आदेशाने आणि कोणत्या तारखेला नष्ट केली, त्या नोंदीची प्रत मागावी. हे विचारल्यावर फाइल पुन्हा शोधली जाण्याची शक्यता असते.

सेवेत असताना मृत्यू आला असेल तर काम लवकर होते. दोन्ही महायुद्धांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची सूची आहे. ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही अशा पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक नावांचे स्मारक मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धातल्यांची नावे लिहिलेला स्मृतिग्रंथही तिथेच. त्याची दुसरी प्रत बांगलादेशात चितगावला आहे. स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांची नावे दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर आणि त्याच्या संकेतस्थळावर आहेत.

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल'वर खात्यांच्या फाइलींची सूची पाहता येते. ती फाइलीच्या शीर्षकावर चालते, त्यामुळे व्यक्तीच्या नावापेक्षा दलाचे इंग्रजी नाव आणि साल घालून शोधल्यास अधिक हाती लागते. १९४६ च्या उठावाच्या चौकशीचे कागदही याच अभिलेखागारात आहेत. कंपनीच्या आणि मरीनच्या काळासाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे दप्तर आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतले राज्य पुराभिलेख ही दोन ठिकाणे. आंग्र्यांच्या आरमारातला पूर्वज शोधणाऱ्याला मात्र पुण्याचे पेशवे दफ्तर आणि मोडी लिपी यांच्याशिवाय वाट नाही. फाळणीच्या वेळी पाकिस्तानचे नौदल निवडलेल्यांची १९४७ नंतरची कारकीर्द भारतीय राजपत्रात सापडणार नाही. नाव अचानक तुटले तर ही शक्यता ध्यानात ठेवावी.

आपल्यासारख्या वृत्तपत्रांकडे मात्र एक गोष्ट आहे जी कोणत्याही सरकारी दप्तरात नाही: निधनवार्ता. जुन्या अंकांतल्या निधनवार्तेत शेवटचा हुद्दा आणि गाव पुष्कळदा मिळून जाते, आणि मृत्यूची तारीख ठाऊक असली की पुढचे दहा-पंधरा अंक चाळले तरी पुरते. आजच्या निधनवार्तांत मात्र 'निवृत्त नौदल अधिकारी' एवढेच छापलेले असते. आपण अशी वार्ता स्वीकारताना घरच्यांना हुद्दा, शाखा, कमिशनचे वर्ष आणि शेवटची नेमणूक एवढे चार तपशील विचारून छापावेत, अशी आग्रहाची विनंती आहे. एका ओळीची जागा लागेल, आणि आणखी पन्नास वर्षांनी शोध घेणाऱ्या नातवंडाला पहिला अर्ज कुठे करायचा ते त्या ओळीतच कळेल.

आपला विश्वासू,
नौदलाच्या जुन्या नोंदींचा एक अभ्यासक